वाचकांचे प्रश्न : सरासरी बरोबर येते, मग माल उशिरा का जातो?

मागच्या अंकात कारखान्यातल्या सिम्युलेशनबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे उत्पादन आणि डिस्पॅचमध्ये प्रत्यक्ष काही बदलायच्या आधी तो बदल कागदावर नाहीतर कॉम्प्युटरवर चालवून बघायचा. त्यावर जळगाव, धुळे, शिरपूरकडून बरीच पत्रं आली, त्यातली पाच इथे थोडी कापून घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण तिथे मोठ्या रकमेचा निर्णय अडकलाय.

प्रश्न : नमस्कार भाऊ. जळगाव एमआयडीसीत माझं पीव्हीसी पाईपचं युनिट आहे. दोन एक्स्ट्रूडर लाईन (पीव्हीसी वितळवून पाईप काढणारी मशीन), ६३ एमएमपासून १४० एमएमपर्यंत पाच साईज काढतो. तासाला किती किलो निघतात त्या हिशोबाने कुठलीही ऑर्डर चार दिवसांत गेली पाहिजे, पण एप्रिल-मेमध्ये आठ-नऊ दिवस लागतात आणि डीलर दुसरीकडे वळतो. मशीनवाला म्हणतो तिसरी लाईन टाका. मुलगा इंजिनिअर आहे, तो म्हणतो आधी सिम्युलेशन करू. मला हे कॉलेजातलं वाटतं. आते काय करानं भाऊ?

दादा, मुलगा बरोबर बोलतोय, तिसऱ्या लाईनचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी एवढं काम कराच.

तुमचा चार दिवसांचा हिशोब चुकीचा नाही, फक्त तो सरासरीचा आहे आणि गाडी काही सरासरीवर भरत नाही. तुम्हीच लिहिलंय की डीलरची ऑर्डर मिक्स असते, थोडे ६३, थोडे ७५, ९०, ११०, १४०, आणि पाचही साईज तयार असल्याशिवाय गाडी सुटत नाही. आता समजा प्रत्येक साईज १० पैकी ९ वेळा वेळेवर तयार होते, ऐकायला हे फार छान वाटतं, सुपरवायझर पण छाती ठोकून सांगेल की नव्वद टक्के माल वेळेवर आहे. पण पाचही साईज एकाच वेळी तयार असायची शक्यता म्हणजे ०.९ गुणिले ०.९ असं पाच वेळा, ते येतं साधारण ०.५९. म्हणजे १०० गाड्यांपैकी ४१ गाड्या कुठल्या ना कुठल्या एका साईजसाठी थांबणार, कोणी आळस केला नाही तरी. बाकी चार साईज यार्डात उन्हात पडून राहतात आणि त्यातला पैसाही पडून राहतो.

हे झालं फक्त मिक्स ऑर्डरचं. त्याच्या खाली डाय, म्हणजे पाईपला आकार देणारा साचा, बदलणं आहे. ९० वरून ११० वर जायचं तर डाय, मँड्रेल, सायझिंग सगळं काढायचं, नवीन डाय गरम व्हायची वाट बघायची, मग जाडी बरोबर येईपर्यंत निघेल तो माल ग्राईंडरला. हा वेळ वाचवायला तुम्ही काय करता, तर एकदा ११० लागलं की तीन-तीन दिवस ११० च काढता. लाईन जोरात चालते, किलो भरपूर निघतात, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि ६३ ची ऑर्डर बिचारी तीन दिवस तिचा नंबर येईपर्यंत थांबून असते. उलट छोट्या छोट्या बॅच घेतल्या तर डाय बदलण्यातच शिफ्ट जाते. ह्या दोन गोष्टी एकमेकीच्या विरुद्ध ओढतात आणि मधला योग्य बिंदू कुठे आहे ते डोक्यात किंवा साध्या भागाकारात सापडत नाही, सिम्युलेशनचा खरा उपयोग इथेच आहे.

करायचं काय ते सांगतो. सिम्युलेशन म्हणजे कारखान्याचं रंगीत थ्रीडी चित्र नव्हे, ते नसलं तरी चालतं. सिम्युलेशन म्हणजे घटनांची यादी आणि एक घड्याळ. ऑर्डर आली, लाईनवर लागली, डाय बदलायला घेतली, डाय लागली, लाईट ट्रिप झाली, परत चालू झाली, सॉकेटिंग (पाईपच्या टोकाला जोडाचं तोंड काढणं) झालं, गाडी भरली. घड्याळ एका घटनेवरून सरळ पुढच्या घटनेवर उडी मारतं आणि प्रत्येक वेळी नोंद ठेवतं की कोण कोणासाठी थांबलंय. प्रत्येक कामाला किती वेळ लागला तो आकडा सरासरीचा टाकायचा नाही, तुमच्या लॉगबुकात जे खरे आकडे आहेत, कधी दोन तास कधी साडेचार, त्यातलाच एखादा दरवेळी उचलायचा.

मुलाला सांगा की पहिल्यांदा काहीच बदलू नको. मागच्या एप्रिल-मेच्या ऑर्डरी जशा आल्या तशाच मॉडेलमध्ये टाक आणि बघ काय येतंय. मॉडेल म्हणालं चार दिवस आणि प्रत्यक्षात लागले नऊ, तर काहीतरी राहिलंय. अशा ठिकाणी बहुतेक वेळा राहून जातो तो माणूस. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे की डाय बदलणारा फिटर एकच आहे. दादा, ही ओळ मला अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. दोन्ही लाईनचा साईज बदल एकाच सकाळी आला तर एक लाईन फिटरसाठी उभी, आणि तिसरी लाईन टाकली तर त्याच एका फिटरसाठी तीन लाईन रांगेत उभ्या. लाईट ट्रिपचं पण तसंच आहे, मे महिन्यात वादळ आलं आणि लाईट गेली की नुसता लाईट नसलेला वेळ जात नाही, बॅरलमधलं पीव्हीसी जळतं, ते काढायचं, साफ करायचं, परत हीटिंग द्यायचं, आणि ते करणारा पुन्हा तोच फिटर. मॉडेलमध्ये फिटर टाकला की मॉडेलचे दिवस खऱ्या दिवसांच्या जवळ यायला लागतील असं मला वाटतं.

एकदा मागचा सीझन जुळला की मग एकेक बदल करून बघा. तिसरी लाईन टाकून बघा. ती न टाकता दुसरा फिटर ठेवून बघा. पुढची डाय आधीच बाहेर गरम करून तयार ठेवली तर काय होतं ते बघा, मशीन चालू असतानाच पुढच्या सेटिंगची जेवढी तयारी करता येईल तेवढी करून ठेवायची हा विचार जपानच्या शिगिओ शिंगोंनी प्रेस मशीनवर पद्धतशीर बसवला आणि तो एक्स्ट्रूजनलाही चालतो. आणि जास्त खपणाऱ्या तीन साईजचा स्टॉक मार्चपासूनच करून ठेवला तर? मग गाडी फक्त दोन साईजसाठी थांबेल, तेव्हा ५९ टक्क्यांचं थेट ८१ होतं, फिटर आणि मशीन आहे तेवढेच ठेवून. स्टॉकमध्ये पैसा अडकतो हे खरं, पण तो आकडा आणि नवीन लाईनच्या हप्त्याचा आकडा शेजारी शेजारी मांडता येतो.

एवढं करूनही मॉडेल म्हणालं की तिसरी लाईन हवीच, तर बिनधास्त घ्या. निदान बँकेत जाताना हातात आधार असेल.

प्रश्न : सर, मी धुळ्यात एका कंपनीत डिस्पॅच बघतो. आमच्याकडे लोडिंगचा एकच धक्का आहे. गाडी भरायला सरासरी ५० मिनिटं लागतात आणि गाड्या तासाला एक या हिशोबाने येतात, म्हणजे १० मिनिटं शिल्लकच राहायला पाहिजेत. तरी गेटवर रोज भांडणं, ड्रायव्हर ओरडतात, ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, मागतो. साहेब म्हणतात हमाल ढिले आहेत. कॉम्प्युटर येत नाही मला, कसं दाखवू?

कॉम्प्युटर लागणार नाही भाऊ, दोन डबे आणि चिठ्ठ्या पुरे. गेट रजिस्टरमधून आधीच्या महिन्याच्या नोंदी काढा. दोन गाड्यांमध्ये किती मिनिटांचं अंतर होतं ते एकेका चिठ्ठीवर लिहून एका डब्यात टाका, आणि प्रत्येक गाडी भरायला किती वेळ लागला ते दुसऱ्या डब्यात. मग एकेक चिठ्ठी काढत दिवस चालवायचा, चिठ्ठी वाचून झाली की परत डब्यात टाकायची. नियम एकच, गाडी भरायला कधी लागेल तर ती आली ती वेळ आणि आधीची गाडी सुटली ती वेळ, या दोघांत जी नंतरची असेल तेव्हा.

उदाहरण बघा. गाड्या आल्या ९:००, ९:१०, ९:२०, ११:५० आणि १:०० ला. मधली अंतरं १०, १०, १५० आणि ७० मिनिटं, सरासरी बरोबर ६०. भरायला लागले ५०, ७०, ३०, ६०, ४० मिनिटं, सरासरी बरोबर ५०. पहिली गाडी ९:५० ला सुटली. दुसरी ९:१० ला आलेली ती ९:५० ला लागली, ४० मिनिटं थांबली, ११:०० ला सुटली. तिसरी ९:२० पासून उभी ती ११:०० ला लागली, म्हणजे १०० मिनिटं थांबली, आणि भरायला तिला फक्त ३० मिनिटं लागली. ११:३० ते ११:५० धक्का रिकामा, हमाल बसलेले, आणि बरोबर तेव्हाच साहेबांचा राऊंड असतो. चौथी, पाचवी थांबलीच नाही. एकूण थांबणं १४० मिनिटं, धक्का रिकामा ३० मिनिटं, आणि दोन्ही सरासऱ्या तुम्ही लिहिल्यात त्याच. हमालांचा यात काही दोष नाही. रिकामी गेलेली मिनिटं पुढच्या गाडीला वापरता येत नाहीत, उशीर मात्र मागच्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला येतो.

गणितही हेच सांगतं. गाड्या केव्हाही येतायत आणि भरायचा वेळही भरपूर वर-खाली होतोय, दिवसरात्र असंच चालू आहे असं धरलं, तर धक्का ८० टक्के वेळ बिझी असताना गाडीला सरासरी भरायच्या वेळेच्या ४ पट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. रेल्वे गेली आणि फाटक उघडलं तरी रांग लगेच सरत नाही ना, आणि तेवढ्यात दुसरी रेल्वे आली तर विचारूच नका, तसं हे आहे. तुमचा धक्का ५० भागिले ६० म्हणजे ८३ टक्क्यांवर आहे. तुमच्याकडे रात्री लोडिंग बंद असतं म्हणून रांग तेवढी वाढत नसेल, पण ९ ते ११ मध्ये जे होतं ते ह्यामुळेच.

आता चिठ्ठ्यांवरच उपाय करून बघा. भरायचा वेळ तोच ठेवा आणि गाड्यांना वेळ वाटून द्या, सकाळी लांबच्या नागपूर, सुरत, दुपारनंतर जवळच्या. साहेबांसमोर टेबलावर दोन्ही दिवस चिठ्ठ्या काढून चालवा, त्यांच्याच हाताने काढू द्या चिठ्ठ्या. याला पोरखेळ म्हणणाऱ्यांना सांगा की १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम नावाचा गणिती आजारपणातून उठताना पत्त्यांचा डाव लावत बसलेला, डाव सुटायची शक्यता किती ते सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव लावून मोजलेले सोपे असं त्याच्या डोक्यात आलं, आणि त्यातूनच पुढे मॉन्टे कार्लो पद्धत उभी राहिली जी आज अणुभट्टीपासून बँकेपर्यंत सगळीकडे वापरतात.

आणि घाटाचा वेळ विसरू नका. तुमच्या ज्या गाड्या चाळीसगावहून कन्नडच्या बाजूने संभाजीनगरला जातात त्यांचा परतीचा वेळ घाटाच्या दिवसावर अवलंबून असतो, घाट अडला तर नांदगावकडून वळसा, आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी तुमच्या गेटवर उशिरा उगवते. डिलिव्हरीची चिठ्ठी काढताना हे दिवस पण डब्यात असायला हवेत, "हा दिवस अपवादच होता" म्हणून बाजूला काढायचे नाहीत.

प्रश्न : ताईंचा नमस्कार. जळगावात आमचं चटईचं युनिट आहे, ऑफिस मी सांभाळते. लग्नसराईच्या आधी डिस्ट्रिब्युटर एकदम जवळपास दुप्पट ऑर्डर देतो, आम्ही कारागीर वाढवतो, धागा भरतो, आणि दोन आठवड्यात ऑर्डर एकदम बसते. दुकानदार म्हणतात खप तर थोडाच वाढला होता. कोण खोटं बोलतंय?

ताई, बहुतेक कोणीच नाही. हे आकडे बघा. दुकानदार आठवड्याला १०० चटया विकायचा आणि दोन आठवड्यांचा माल, म्हणजे २००, दुकानात ठेवायचा. खप ११० झाला. आता त्याला दोन आठवड्यांचा म्हणजे २२० चा साठा हवा, तर तो ऑर्डर देतो ११० अधिक वरचे २०, एकूण १३०. डिस्ट्रिब्युटरला दिसतं की मागणी १०० वरून १३० झाली, तोही दोन आठवड्यांचा माल ठेवतो, त्याला आता २६० हवेत, आहेत २००, म्हणून तो तुम्हाला ऑर्डर देतो १३० अधिक ६०, म्हणजे १९०. दुकानात १० टक्के वाढ, तुमच्या टेबलावर ९० टक्के. पुढच्या आठवड्यात खप ११० च राहिला. दुकानदार ११० मागतो, डिस्ट्रिब्युटरला आता २२० पुरे आहेत आणि गोडाऊनमध्ये २६० आहेत, म्हणून तो तुमच्याकडून फक्त ७० उचलतो. १९० वरून ७०! आणि गिऱ्हाईक तिकडे शांतपणे दर आठवड्याला ११० घेतंय.

हे जगभर होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरमध्ये हेच दिसलं होतं, बाळं काही एका आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत पण वरच्या ऑर्डरी मात्र हेलकावे खात होत्या. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकापासून यावर एक खेळ खेळवतात, चार जण, दुकानदार, घाऊकवाला, डिस्ट्रिब्युटर, कारखाना, आणि एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. हुशार माणसं बसली तरी कारखान्याकडे ऑर्डरी फुगून येतात.

तुमच्यासाठी उपाय सॉफ्टवेअरचा नाही, माहितीचा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरसोबत त्याच्या चार-पाच मोठ्या दुकानांचा आठवड्याचा खरा खप मागा, व्हॉट्सॲपवर नुसता आकडा पाठवला तरी चालेल. प्लॅनिंग त्या खपावर करा, ऑर्डरवर नाही. आणि सीझनमध्ये "जास्त मागाल तरच पुरेसं मिळेल" अशी वाटणी कृपा करून करू नका, कारण तसं एकदा केलं की पुढच्या वर्षी प्रत्येक जण दीडपट लिहूनच पाठवतो आणि मग खरंच खोटं बोलणं सुरू होतं.

प्रश्न : सर, मी शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी प्रॉडक्शन लाईन सिम्युलेट करायची आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? ॲनिमेशन चांगलं असेल तर मार्क जास्त मिळतात असं सिनियर म्हणतात.

पैसे न घालवता करायचं तर पायथनमध्ये सिमपाय आहे, आणि माऊसने ओढून मांडायचं असेल तर जामसिम, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. कंपन्यांमध्ये अरीना, एनीलॉजिक, फ्लेक्सिम, सीमेन्सचं प्लांट सिम्युलेशन ही नावं ऐकशील. पण मला विचारशील तर आधी एक्सेलमध्ये एका मशीनची रांग हाताने बनव, आल्याची वेळ, सुरू, संपलं, थांबला किती असे चार कॉलम, म्हणजे सॉफ्टवेअर आत काय करतंय ते कळेल. तुझ्या ह्या विषयाने कॉम्प्युटरलाही बरंच दिलंय बरं का, नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युलेशनसाठी सिम्युला भाषा बनवली आणि आज तू जे क्लास-ऑब्जेक्ट शिकतोस त्याची सुरुवात तिथली आहे.

ॲनिमेशनवर वेळ घालवू नकोस. तीन गोष्टी कर. मॉडेल रिकाम्या कारखान्यापासून सुरू होतं म्हणून पहिले काही दिवस निकालातून काढून टाक, खरा कारखाना सोमवारी सकाळी रिकामा नसतो. दुसरं, एकदा रन करून आकडा सांगू नकोस, वेगवेगळ्या रँडम सीडने (म्हणजे दरवेळी वेगळ्या चिठ्ठ्या निघतील असा सुरुवातीचा आकडा देऊन) वीस-तीस वेळा चालव आणि निकाल किती ते किती दरम्यान येतो ते सांग, परीक्षकाने एकच आकडा दाखवणाऱ्याला विचारायलाच पाहिजे की परत चालवलं तर किती येईल. तिसरं, लिटलचा नियम लावून तपास. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, आतमध्ये सरासरी किती नग आहेत ते म्हणजे तासाला किती नग येतात गुणिले प्रत्येक नग किती तास आत राहतो. तुझ्या लाईनवर तासाला १२ नग येत असतील आणि प्रत्येक ३ तास राहत असेल तर आत सरासरी ३६ दिसले पाहिजेत, मॉडेल ५० दाखवत असेल तर कुठेतरी मोजणी चुकलीय.

आणि एखाद्या खऱ्या युनिटमध्ये चार दिवस घड्याळ घेऊन उभा राहा, शिरपूर-धुळ्याकडे युनिट कमी नाहीत, विचारलं तर मालक नाही म्हणत नाहीत. नेटवरून घेतलेल्या डेटावरचं मॉडेल कोणाच्याच उपयोगाचं नसतं.

प्रश्न : आमची जुनी डाळ मिल आहे. लॉगबुक वगैरे काही नाही, सगळं मिस्त्रीच्या डोक्यात. आमच्यासारख्यांना हे जमेल का?

जमेल. मिस्त्रींसोबत बसा आणि प्रत्येक कामाचे तीन आकडे विचारा, कमीत कमी किती वेळ, नेहमी किती, आणि सगळ्यात वाईट दिवशी किती. सरासरी विचारू नका, ती कोणाला नीट सांगता येत नाही, पण वाईट दिवस प्रत्येकाला आठवतो. ह्या तीन आकड्यांवर त्रिकोणी वितरण म्हणून एक साधी पद्धत आहे, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि एक्सेलमध्येही बसवता येते.

तुमच्याकडे सगळा खेळ तूर वाळवण्यावर असणार. तेल-पाणी लावून ओट्यावर पसरलेली तूर मे महिन्यात कशी वाळते आणि जुलैच्या ढगाळ हवेत कशी, हे दोन वेगळे कारखाने समजा आणि मिस्त्रींकडून तीन आकडे दोन्ही हंगामांसाठी वेगवेगळे घ्या. एकत्र केले तर मे मध्ये ओटा रिकामा दिसेल आणि जुलैत गिऱ्हाईकाला दिलेली तारीख हुकेल. विचारताना मिस्त्रींच्या हाताखाली ओट्यावर काम करणाऱ्या बायकांनाही विचारा, ढग आल्यावर माल गोळा करायला आणि परत पसरायला किती वेळ जातो ते त्यांना पक्कं माहीत असतं.